हौदु, इल्ला

कागद कन्नडात होता.
अक्षतानं दवाखान्यातून मागून आणलेला,
वीजबिलाच्या घडीत लपवून.
‘डॉक्टरकडं जायच्या आधी एवढं भरून बघा, बाबा.
पंधराच प्रश्न आहेत.’

कन्नड मला बोलता येतं, बाजारापुरतं.
सुताचा भाव, रंगाचा डबा, उधारी, शेवटची बस.
‘मनस्सु’ हा शब्द वडगावात इतकी वर्षं राहून
मी कुणाकडून विकत घेतला नव्हता.
म्हणून ती मराठीत करून सांगत गेली
आणि मी दोन चौकोनांतल्या एकात
पेन टेकवत गेलो.
हौदु. इल्ला.

‘झोप कमी झाली तरी थकवा नाही,
असं सलग काही दिवस झालंय?’
मला हसू आलं.
चैत्रात दोन्ही माग मी एकट्यानं चालवले.
पहाटे तीनला कस्तुरी उठून बघते तर
मी अंगणात, खासबागेतल्या बसवंताला
फोनवर नवा काठ समजावतोय,
मोर, मोराच्या आत मोर, त्याच्या आत अजून एक.
आठवड्यात एकवीस साड्या.
एकवीस साड्या विणणं हा काय आजार असतोय?
इल्ला.

‘गरज नसताना पैसे उधळले?’
चौदा रंगांचं सूत, शहापुरातनं, उधारीवर.
त्यातला पोपटी अजून कपाटावर आहे,
पिशवीची गाठ न सोडलेला.
धंदा म्हटलं की सूत लागतंयच की.
इल्ला.

पुढचा प्रश्न तिनं हळू वाचला.
शेजारच्या मागांचा खटखटाट
भिंतीतून येत होता, आमचे दोन्ही गप्प होते.
‘काहीच नको वाटलं, हलावंसंही नाही, असं कधी?’
भाद्रपदात ताण्याचा एक धागा तुटला.
सांधायला दोन मिनिटं लागतात.
मी अकरा दिवस त्याच्याकडं बघत बसलो.
अक्षता कागदाकडं बघत राहिली, माझ्याकडं नाही.
हौदु.

‘कधीकधी’ला चौकोन नव्हता.
‘चैत्र परत हवाय’ यालाही नव्हता.

रात्री खतावणी काढली.
चैत्राच्या पानावर माझंच अक्षर
समासाबाहेर पळालेलं,
आकड्यांच्या पोटात आकडे, कडेला मोर.
भाद्रपदात नुसत्या तारखा.
मग तारखाही नाहीत.
हिशेब तपासणाऱ्यानं विचारलं असतं,
या दोन पानांवर दोन माणसं कामाला होती काय?

मग तो कागद परत उघडला.
माझ्या शाईशेजारी
बारीक पेन्सिलीच्या खुणा.
कस्तुरी चंदगडाकडची, तिला कन्नड अक्षर येत नाही.
म्हणजे स्वयंपाकघरात कधीतरी
लेकीनं तिला सगळं दुसऱ्यांदा वाचून दाखवलं,
आणि माझ्या नऊ इल्लांसमोर
तिनं नऊ हौदु लावले होते.
बाराव्याला,
‘तुमची घरच्यांना कधी भीती वाटली?’ तिथं
खूण केलेली, खोडलेली, परत केलेली.
रबरानं कागद इतका पातळ झालेला
की बल्बसमोर धरला तर पलीकडचं दिसत होतं.

खोडरबर माझ्याही हाताशी होतं.
बराच वेळ होतं.

तळाला बारीक छापलं होतं, ते मात्र
मी एकेक अक्षर लावून वाचलं.
यावरून रोग ठरत नाही. वैद्यांना भेटा.
म्हणजे हे निदान नव्हे.
निदान एवढं तरी.

सकाळी पिशवीत कागद, खतावणी, पाण्याची बाटली.
कस्तुरी खिडकीशी बसली, मी कडेला.
पेन्सिलीबद्दल ती बोलली नाही, मीही नाही.
एकदा मात्र विचारलं, ‘बारावा कधीचा?’
ती म्हणाली, ‘मोर काढत होतासा, तेव्हाचा.’

सिव्हिलचा थांबा आला.
बस पुरती थांबायच्या आतच मी पाय टाकला तसा
कंडक्टरनं दंडाला धरलं,
‘निधान री, निधान.’
म्हणजे हळू.
एवढं कन्नड मला येतं.