सबमीटर

टीव्ही घरात आला त्या संध्याकाळी
दादागोंडा अण्णा जिना चढून वर आले.
खोक्याकडे पाहिलं, थर्माकोलकडे पाहिलं,
मग भिंतीकडे.
"सिस्टर, या महिन्यापासनं लाइटचे साठ जादा हं."
साठ कसे?
"टीव्ही हाय की वो."

माझी नाइट होती.
मिरजेत रात्री तीनला सुद्धा
कुठल्या ना कुठल्या दवाखान्याचं गेट उघडत असतं,
पण आमचा वॉर्ड तेवढा शांत होता.
सलाइनच्या खोक्याची एक बाजू फाडून
मी हिशेब मांडला.
स्टिकरवर पन्नास वॅट.
शाळा सुटल्यावर सुवार्ता, तिच्यानंतर तिची आजी,
धरले पाच तास.
चार दिवसांत एक युनिट,
महिन्याचे साडेसात,
अण्णांचा सबमीटरचा भाव सरसकट दहा.
पंचाहत्तर.

पुन्हा मांडला. पंचाहत्तरच.
भांडायला काढलेला पुठ्ठा
घडी करून एप्रनच्या खिशात घातला
आणि चार नंबरचं बीपी लिहिलं.

डोक्यावर आठ पडदे जळत होते,
हिरव्या रेघा ओढत.
त्यांचे युनिट कुणी काढत नाही.
कॉटवरचं माणूस नेलं, चादर बदलली
तरी पडदा बराच वेळ चालू असतो,
मामा येऊन वायर काढेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात अण्णा रीडिंग घ्यायला आले.
मीटर जिन्याखाली.
तो बघायला माणूस वरच्या खोलीत का येतो
हे सासूबाईंनी विचारलं नाही,
खुर्ची पुढे सरकवली.
कबड्डी चालू होती.
चपला दाराबाहेर, बॅटरी मांडीवर,
एक खेळाडू रेषेपाशी बोटभर कमी पडला तेव्हा
अण्णाच "आर्र" करून वाकले.
जाताना म्हणाले,
"खालचा आमचा डबा लई खातोय. शंभर वॅट.
लावतच नाय मी.
तुमचा पातळ हाय, कमी खातो."

मग रोजच रीडिंग.

अण्णा आले की सासूबाई ट्यूब घालवतात.
पडद्याचा उजेड पुरतो म्हणतात,
त्या निळ्या उजेडात लसूण सोलतात,
सालं अंदाजानं परातीत टाकतात.
बातम्या आल्या की अण्णा
शेतमालाचे भाव येईस्तोवर दम धरतात.
हळदीचा आकडा मोठ्यानं वाचतात,
जणू वाळवा-तासगावात यांची पोती पडलीत.
यांच्याकडे पोतं नाही, पन्नाशीतच विकलं सगळं.

रिमोटनं बंद केलेला त्यांना चालत नाही.
उठून भिंतीचं बटण दाबतात.
"हा लाल ठिपका बी पैसे खातो, सिस्टर.
आमचं मेन मीटर शंभराच्या वर गेलं की
भावच बदलतोय.
एकशे एकावं युनिट म्हंजे सासुरवाडीचा पाव्हणा."

महिनाअखेर चिठ्ठी आली, वहीच्या पानावर,
मोडीसारख्या अक्षरात:
भाडं. पाणी. लाइट. टीव्ही चाळीस.
वीस का गेले ते लिहिलं नव्हतं.
मीही पुठ्ठा काढला नाही.

काल माझी ऑफ होती.
साडेदहा वाजले, मॅच संपली,
जाहिराती लागल्या, मग दंतमंजनवाला बाबा.
अण्णांची मान खांद्यावर,
हातातली बॅटरी घसरून गुडघ्याला टेकलेली.
सुवार्ता बटणापाशी गेली.
तिला वाटलं, बंद करायचा.

आवाज थांबला की ही माणसं जागी होतात,
मला वॉर्डातलं ठाऊक आहे.
आणि खाली जिना उतरून
कुलूप उघडायचं, एकट्यानं.

अर्धा तास म्हणजे पंचवीस पैसे.
चार आण्यांची झोप.
चालू राहू दे, मी म्हटलं,
आवाज फक्त दोन घरं कमी कर.