भाग त्रेचाळीस

रात्री नऊला मृण्मयी टीव्हीचा आवाज वाढवते
आणि रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
एक सरकारी दवाखाना उघडतो,
ज्याला कसलाच वास नाही.

मी म्हणते, अगं, कोपर वाकवून छाती दाबतोय,
कणीक मळतोय की काय?
मी म्हणते, एका खाटेवर एकच पेशंट?
मृण्मयी म्हणते, मावशी, बघू दे ना.

चौतीस वर्षं बघितलंय बाई,
मध्ये जाहिराती नसायच्या.
देपालपूरहून ट्रॉलीत आलेली बाळंतीण.
साप चावलेला पोरगा, आणि त्याच्या काकाने
पुरावा म्हणून बरणीत आणलेला साप,
जिवंत.
महूचा एक म्हातारा रोज विचारायचा, आज वार कोणता,
आणि मंगळवार म्हटलं की हसायचा.
का, ते विचारायचं राहून गेलं.

मालिकेतला डॉक्टर पांढऱ्या कोटात धावतो,
धावताना त्याचे केस हळू उडतात.
आमचे निगुडकर डॉक्टर उभ्याउभ्या झोपायचे,
एक्स-रेच्या उजेडाला टेकून,
खिशात तेलकट कागदातली अर्धी कचोरी.
हाक मारली की आधी हात जागे व्हायचे,
मग डोळे.

मागच्या थंडीत ते लोक इंदूरला आले होते.
बंद पडलेला जुना वॉर्ड भाड्याने घेतला,
भिंत आधी नीट रंगवली,
मग त्या रंगावर पोपडे रंगवले.
गर्दीसाठी माणसं हवी होती,
रोजचे पाचशे आणि दुपारचं जेवण.
आमची गेंदाबाई गेली.
आमच्याच वॉर्डाची आया, माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झालेली.
संध्याकाळी राणी सरायचे पोपट ओरडत असताना
तिचा फोन आला:
"सिस्टर, मरीज सगळे हट्टेकट्टे,
आणि पनीर रोज!"

आज भाग त्रेचाळीस.
खाटेवर माणूस गेलेला.
डॉक्टर भिंतीवर मूठ आपटतो,
व्हायोलिनं सुरू होतात,
कॅमेरा त्याच्या डोळ्यांत शिरतो,
आणि त्याच्या कानामागे, धूसर,
एक निळं पातळ हलतं.

चालीवरून ओळखलं. डावा पाय जरा ओढत.
ती चादर पायांवर सारखी करते,
गेलेल्याच्या कपाळावरून हात फिरवते,
खिडकीशी जाते, कडी काढते,
दोन्ही दारं उघडते.
ओठ हलतात.
व्हायोलिनांत काही ऐकू येत नाही,
पण मला पाठ आहे:
जाओ भई, अब कोई नी रोके.

किती जणांना म्हणाली असेल.
ज्यांच्यामागे रडायला कोणी आलं नव्हतं,
ज्यांच्या कागदावर नावाच्या जागी
फक्त चौकीचा नंबर होता, त्यांनासुद्धा.
मी रजिस्टरात वेळ लिहायचे,
ती खिडकी उघडायची.
तिच्या कामाला रजिस्टरात रकाना नव्हता.

शेवटी नावं सरकली, भराभर, मुंग्यांसारखी.
केस कोणी उडवले तेही होतं.
मी चष्मा पुसून बघेपर्यंत
वॉशिंग पावडर सुरू झाली.

फोन लावला. म्हटलं, गेंदाबाई, दिसलीस गं.
ती म्हणाली, खिडकी खोटी होती सिस्टर,
मागे भिंत, आणि ऊन म्हणून लावलेला मोठा दिवा.
मला कोणी उघड म्हणालं नव्हतं,
हातच गेला.
साहेब ओरडला, मग म्हणाला, असंच परत कर.
तीनदा मेला बिचारा, तीनदा उघडली.

"आणि तिसऱ्या वेळी तो शिंकला, सिस्टर!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.
मी थांबले.
मग पाणी पिऊन, हळूच,
जणू राउंडवर कोणी ऐकेल:

"मग मी गेले परत,
आणि लावून घेतली खिडकी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा."