गोंड्या

प्रणोतीनं दप्तरातून काढला तेव्हा
पाण्याच्या बाटलीएवढाच होता.
गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर, म्हशींच्या पायांत बसून
सांडलेला फेस चाटत होता म्हणे.
फेस अजून नाकावर होता, वाळलेला.
ह्यांनी आरी थांबवली.
"चामड्याच्या घरात कुत्रं?
अक्कल गहाण ठेवलीस काय गं?"

नाव मी ठेवलं.
शेपटीच तशी होती,
चपलेच्या पुढ्यात बसवतो त्या गोंड्यासारखी,
तेवढीच, आणि तितकीच बिनकामाची.
गोंड्यावाचून चप्पल चालते,
पण गिऱ्हाईक हातात घेत नाही.

सकाळी मी उंबऱ्यात वेणी घालायला बसतो.
(बसतोच. पुण्याची नणंद हसते, हसू दे,
इथं बायाबी बसतोच म्हणतात.)
चामड्याच्या दोऱ्या पायाच्या अंगठ्यात अडकवून
पाच पदर, सात पदर,
आणि आठवा पदर म्हणून गोंड्या मध्ये शिरतो.
उचलून बाजूला ठेवला
की त्याला वाटतं, हाच खेळ.
पुन्हा येतो. पुन्हा ठेवतो.
दुपारपर्यंत एक वेणी होते
आणि तिच्यात दोन-चार पांढरे केस राहतात.
राहू देत. कुणाच्या पायाला टोचणार आहेत?

भिजवलेल्या चामड्याच्या घमेल्यात तो दोनदा पडला.
बाभळीच्या सालीचा वास अजून गेला नाही अंगाचा.
गल्लीत करकरती चप्पल वाजली की कान टवकारतो.
एकच कान.
दुसऱ्याला अजून उभं राहता येत नाही.
रविवारी पांढरा रस्सा बोटभर देतो त्याला,
तांबड्याला नुसता शिंकतो,
आणि शिंकल्यावर स्वतःलाच घाबरतो,
मागं वळून बघतो कोण आलं.

मग ती शुक्रवारची सकाळ.
दादासो मगदूम पैलवानांचा जोड,
बारा नंबरचा पाय, सात पदरी वेणी,
धाकट्याच्या साखरपुड्याला घालायचा.
उजवी खिळ्याला होती.
डावी पाण्याच्या पिंपामागं,
वेणी उसवलेली, तळ ओला,
आणि एक कान खाल्लेला.
चपलेचा. कानच म्हणतो आम्ही त्याला.

मी गोंड्याला पदरात घेतलं, पदर आवळला.
आतनं त्याचं काळीज शिवणयंत्रासारखं.
हे काही बोललेच नाहीत.
खाली वाकून खाटेखालची खोकी ओढली,
रेक्झिनचा माल, मशीनचा, सोनेरी पट्ट्याचा,
बाहेरनं घेऊन महाद्वार रोडला
पाव्हण्यांना विकतो तो.
दोन खोकी उघडी होती.
एकेक चप्पल उजेडात धरून, उलटी करून, वास घेऊन बघितली.
एकीवर नाकाचा ओला ठिपका होता फक्त.

"एकालाबी दात लावला न्हाई."

हे मला सांगितलं.
मग भिंतीला.
मग फोनवर सुभाषनगरच्या दिरांना,
मोठ्यानं, परीक्षेत पोरगं पास झाल्यागत.
आणि रापी घेऊन नवी डावी कापायला बसले.

संध्याकाळी पैलवान आले. खरं ते सांगितलं.
ते असे हसले की पत्रा थरथरला
आणि गोंड्यानं भिऊन धार सोडली,
पैलवानांच्या पायावर, नव्या डावीवर.
"बोहनी झाली," म्हणाले, पैसे पुरते मोजून दिले.

खाल्लेली डावी खिळ्याला टांगली आहे.
लोक विचारतात, एकच कशी?
प्रणोती सांगते, गिऱ्हाईक जेवून गेलं.

खोकी अजून खाटेखालीच आहेत.
शाळेची फी वेणीवर भागत नाही.
पण त्यातला जोड पिशवीत भरताना
हे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत नाहीत आता,
कोपऱ्यात बघतात.

तिथं तो झोपलेला असतो.
झोपेत तोंड हलत असतं,
काहीतरी अस्सल चावत.