मीटर

ट्रक उभा राहिला तेव्हा मीटरवर होतं ५१०५१०.
खाण बंद झाली त्या दिवशी, कुडचड्याला,
आमच्या काजीच्या झाडाखाली.
बाबांनी चावी काढून खिळ्याला अडकवली
आणि पुढची सहा वर्षं
रानवेली चाकांवर चढत राहिल्या.

मी नववीला अवयव शिकवायचे.
रिकाम्या तासाला वहीच्या मागच्या पानावर
तो आकडा फोडत बसायचे.
पाचशे दहा, पुन्हा पाचशे दहा.
कुठलेही तीन अंक असे दोनदा लिहा,
सात, अकरा, तेरा न बोलावता येतात.
उरले पाचशे दहा. त्यात दोन, तीन, पाच
आणि सगळ्यांत मागून, दार ओढून घेत, सतरा.
पहिले सातही मूळ.
मधला एक गाळलेला नाही, एक दोनदा आलेला नाही.
हे सातजण ज्या पंगतीत बसतात
अशी याहून लहान संख्याच नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"म्हणजे कितें गो?"
म्हटलं, एकशे अठ्ठावीस तऱ्हांनी वाटता येतो,
दरवेळी बाकी शून्य.
"शून्य न्हय? तेंच उरलां."

मग त्यांना सातशे चौदा आणि सातशे पंधरा सांगितले.
अगदी शेजारी. गुणले की हाच आकडा.
दोघांत सामाईक अवयव एकही नाही,
तरी एकाच्या मूळ अवयवांची बेरीज एकोणतीस,
दुसऱ्याच्याही एकोणतीस.
आपलं आणि इनासचं घर, मी म्हटलं.
इनास त्यांचा क्लीनर, चौदा वर्षं.
देव वेगळे, जेवण वेगळं,
महिनाअखेरीला उरायचं ते सारखंच.
हे मात्र बाबांना लगेच कळलं.

गेल्या मे महिन्यात मुनाफ भंगारवाला आला.
भाव वजनावर ठरला.
यार्ड रेल्वे फाटकापलीकडे, किलोमीटरभर.
ओढून न्यायचा नाही, बाबा म्हणाले.
बॅटरी उसनी आणली, इनासने मागून रेटा दिला,
सीटमधून लाल धूळ उठली,
अजून.
कोडलीच्या खाणीपासून कापशेच्या धक्क्यापर्यंत
हजारदा गेलेला माणूस
दुसऱ्या गिअरच्या वर गेला नाही.
फाटकाजवळ शेवटचा शून्य हलला,
अर्धा वर अर्धा खाली अडकला थोडा,
आणि एक आला.

५१०५११.
दोनने नाही, तीनने नाही. पाच, सात,
अकरा, तेरा, सतरा, कुणीही भागा, एक उरतोच.
मला वाटलं, मूळ असणार.
असायला हवी होती,
एकटी, कुणाला वाटून न देण्याजोगी.
वजनकाट्याच्या पावतीमागे मी भागत राहिले.
बाबा नोटा मोजत होते. दोनदा मोजल्या.

एकोणीसने भाग गेला.
एकोणीस, सत्त्याण्णव, दोनशे सत्त्याहत्तर.
यातलं कुणी याआधी आमच्या दारात आलं नव्हतं.

परत चालत आलो, तिघंही.
फाटक बंद होतं, मालगाडी संपेना.
बाबांनी विचारलं, "मग?"
"तीन नवे निघाले."
ते डबे मोजत होते बहुतेक.
"एकाच किलोमीटरांत?"