बेळकं

उद्यमनगरात, लेथच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडात
तातोबा मेस्त्रीनं शिसवीचं बेळकं आणून टाकलं
तेव्हा मला ते बंबात घालायचं वाटलं.
बाजारभोगावच्या रस्त्यावर रुंदीकरणात पडलेलं झाड.
सरळ ओंडके व्यापाऱ्यांनी उचलले,
राहिली ती जागा
जिथं एका खोडाला दोन मनं झाली.

रंधा इकडून मारला तर फाटायचं,
तिकडून मारला तरी फाटायचं.
मग त्यानं अंगठ्याला थुंकी लावून एक जागा पुसली.
आत जाळ होता.
मधे एक रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांनी उसळलेलं,
वर जाता जाता पिसाऱ्यासारखं फाकलेलं.
"भांडलंय बघ," तो म्हणाला,
"म्हणून दिसतंय एवढं."

बँडसॉवर सात पानं निघाली, रुपयाच्या नाण्याएवढी जाड.
वाळताना ती कडाकण्यांसारखी आकसली.
ग्लिसरीन-पाण्याचा हात फिरवून
दोन फळ्यांत घातली.
प्रेस आमच्याकडं नाही.
मार्केट यार्डातनं त्याच्या मेव्हण्यानं
गुळाचे चार रवे पाठवले, तीस-तीस किलोचे.
आठवडाभर शेडात सरस आणि गूळ,
दोन्हींचा वास, आणि मुंग्या.

पानं उघडली तेव्हा मधल्या दोघांवर डाग.
निळसर काळा, बोराएवढा.
खिळा.
झाड मनगटाएवढं असताना कुणीतरी मारलेला.
कंदील अडकवायला, किंवा
'पंक्चर काढून मिळेल' असली पाटी.
पाटी गेली, लोखंड विरलं,
झाड त्याच्याभोवती वाढत राहिलं.

आणि रुंद पानं तेवढीच दोन.
एक तसंच ठेवलं, दुसरं उलटलं
वहीचं पान उलटावं तसं.
पट्टी धरून ब्लेडनं कड कापली,
उजेडासमोर धरली, परत कापली.
तिसऱ्यांदा उजेड आला नाही.
शिवणीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर
दोन डाग, आमच्याकडं बघणारे.

ताराबाई पार्कातल्या इंगवले डॉक्टरीणबाई येऊन गेल्या.
"हे एवढं झाकता येईल का?"
तातोबा काही बोलला नाही.
फळी उलटी करून खालच्या बाजूला सरस फासू लागला.
खाली आंब्याचं साधं पान.
"हे कुणाला दिसणार?" बाईंनी विचारलं.
"कुणालाच नाही," तो म्हणाला,
"पण वरच्यानं ओढलं की खालच्यानं धरायला लागतंय.
नाहीतर वर्षात टेबलाची परात होते."
मग बाई बराच वेळ उभ्या राहिल्या.
जाताना डागाचं काही बोलल्या नाहीत.

मी नखानं सगळीकडं टकटक केली.
एका जागी पोकळ आलं.
धारेबरोबर ब्लेडची चीर दिली,
बाईंच्याच दवाखान्यातली सिरिंज,
सरसाचे चार थेंब, कोमट इस्त्री, वर रवा.
काचेच्या तुकड्यानं खरवडून
लाखेचे अकरा हात दिले.
अकराव्या हाताला जाळ हलायला लागला:
डोकं इकडं केलं की इकडं, तिकडं केलं की तिकडं.

टेबल गेलं. पैसे आले, थोडे कमीच.

गणपतीच्या आसपास बाईंचा फोन.
"अहो मेस्त्री, टेबलावर मुंग्या चढतात.
बरोबर त्या शिवणीवरनं जातात, रांगेनं."
तातोबा पेन्सिल कानावर अडकवून ऐकत होता.
"असू द्यात की बाई," तो म्हणाला,
"त्यांना अजून झाडच वाटत असेल."

फोन ठेवला,
आणि माझ्याकडं न बघताच विचारलं,
पाचवं पान कुठं ठेवलंस गं?