दाद

नुकूसच्या प्रयोगशाळेत बीबीनाझ
सहा आठवड्यांनी काचनळी उजेडात धरते.
औषध कालवलेल्या हिरव्या उतारावर
फुलकोबीच्या चुऱ्यासारखं पिवळट काहीतरी
निवांत वाढलेलं.
वहीत लिहिते : दाद देत नाही.
दुसरी नळी. दाद देत नाही.
तिसरी कोरी. ती चिठ्ठी पुन्हा वाचते.
नळी दुसऱ्याच कुणाची.

घाई नसते या जंतूला.
दिवसाकाठी एकाचे दोन, तेही जमलं तर,
मेणाचा अंगरखा सावरत.
ज्या पेशी त्याला गिळायला धावतात
त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो.
त्या हिवाळ्यात गोळ्या चुकल्या,
मिठाच्या वादळात रस्ता बुजला होता,
तोवर मेले ते मेले.
उरलेले काही शिकले नव्हते,
फक्त मेले नव्हते.

मुयनाकला ओराझबाय भिंतीला टेकून बसलाय.
समुद्र होता तेव्हा तो बोटीवर असायचा.
बोट आता वाळूत, गंजलेली,
आणि आठ महिने रोज टोचलेल्या सुयांनी
खोकला ठेवला, कान नेले.
सून मागून हाक मारते, चहा झाला म्हणून.
तो ओ देत नाही.

दुपारी नर्स येते, नव्या गोळ्यांची पेटी घेऊन.
तो बोट वर करून विचारतो : किती महिने?
ती दोन्ही पंजे उघडते.
मग जरा थांबून
आणखी आठ बोटं.

ओराझबाय मान हलवतो
बंदरावर मासळीचा भाव ऐकून हलवायचा तशी,
आणि बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात म्हणतो,
जास्त होतात.