दिवा लागलेले मजले

बाबांचा बोर्ड पितळेचा होता.
फोर्टातल्या सोराब चेंबर्सच्या लिफ्टमध्ये
अकरा बारीक दिवे, एकावर एक.
कुणी बटण दाबलं की तिथला दिवा लागायचा.
कोण, ते बोर्ड सांगत नसे.
फक्त कुठे.

सगळ्यात खालच्या दिव्याशी आकडा नव्हता,
'तळ' एवढंच.
त्यामुळे शून्यापासून मोजणं
मला कुणी शिकवावं लागलं नाही.
पुढे ऑफिसात नवी पोरं एका घराने चुकायची,
तेव्हा माझ्या कानात
जाळीचं दार ओढल्याचा आवाज व्हायचा.

आता लिफ्टमध्ये कुणी बसत नाही.
मी काळाचौकीच्या खोलीत बसते, रात्री दीड वाजता,
आणि अंधेरीतल्या कुठल्याशा टॉवरची लिफ्ट
मला दारं किती सेकंद उघडी राहिली ते कळवते:
बारा, नऊ, अकरा, सत्तेचाळीस,
दहा, आठ, नऊ, बावन्न,
सात, साठ, अकरा.
चाळिसाच्या वर गेलं की दार अडतंय समजायचं.

पण मला बावन्न नको होते, साठ नको होते.
मेकॅनिक काय बावन्नाला पाना लावणार?
त्याला मजला लागतो.
पंगतीत कोण जेवलं ते नको,
पाट कितवा ते हवं.

मी विचारलं. उत्तर आलं: तीन.
बस्स. तीन.

बाबा पाणी प्यायला उठले होते,
तांब्या हातात, चष्मा कपाळावर.
रांग त्यांनी खालून वर वाचली, सवयीने,
आणि म्हणाले,
"पयलो गावलो म्हणान थांबलंस?
वरचे काय जिन्यान येतले?"

खरंच होतं.
मी ज्याला विचारत होते
तो पहिला सापडला की घरी जाणारा नोकर होता.

मग मी प्रत्येक आकड्याच्या हातात
त्याच्या जागेचा बिल्ला दिला,
आणि तळापासून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला.
हो म्हणाला त्याचा बिल्ला ठेवून घेतला,
आकडा सोडून दिला.
तीन, सात, नऊ.

"सात," बाबा म्हणाले, आणि खुर्चीवर टेकले.
सातव्यावर खोरशेद मॅडम होत्या, सॉलिसिटरकडे टायपिस्ट.
रोज सव्वासहाला दिवा लावायच्या
आणि लिफ्ट पोचेपर्यंत जिन्याने निघून जायच्या.
दिवा खरा. मजला खरा.
दार उघडलं की कॉरिडॉर,
आणि पावडरचा थोडा वास.
"रागावला नाहीत कधी?"
"दिवो लागलो तर जावचा लागता."

त्यांना मी सांगितलं नाही
की आमच्यातही हे होतं.
मधलाच एखादा काढून टाकला
की वरचे सगळे एकेक पायरी खाली घसरतात,
आणि हातात जपलेला सात
भलत्याच्याच दारात नेऊन उभा करतो.

दुपारी तीन ते चार, ते म्हणाले,
एकही दिवा नसायचा.
स्टुलावर बसून मी बोर्डाकडे बघत राहायचो.
बिघडला नाही ना, म्हणून नव्हे.
कोणी नाही, हेसुद्धा त्यानेच सांगायचं असतं.

तांब्या तसाच ठेवून ते झोपायला गेले.
मी तिन्ही मजले मेकॅनिकला कळवले.
खाली टीप लिहिली: तळ धरून मोजणे.
मग खोडली,
आणि पुन्हा लिहिली.